काचेमागचे मास्तर

भिंत फोडायची कल्पना मालकाच्या भाच्याची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नंतर सांगायला तोंड उरत नाही. तो भाचा म्हणजे मी. पण गोष्ट मास्तरांची आहे, माझी नाही, तेव्हा इथून पुढे त्याला नुसतं भाचा म्हणू. त्याची लायकी तेवढीच आहे.

भाचा लहान गावातल्या शाळेतून बारावी झाला, व्यापाराचा कसलासा कोर्स केला आणि मामाच्या बेकरीत गल्ल्यावर येऊन बसला. कोर्स ताजा होता, त्यामुळे त्याला दर आठवड्याला काहीतरी सुचत असे. पहिल्या आठवड्यात त्याने पावांना लावायला बेकरीच्या नावाच्या चिठ्ठ्या छापून आणल्या. दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाइकं चिठ्ठीसकट पाव खाऊन तक्रार करायला आली. तिसऱ्या आठवड्यात त्याला सुचलं, की दुकान आणि कारखाना यांच्या मधली भिंत कमरेच्या वर फोडावी आणि तिथे काच बसवावी.

"गिऱ्हाइकाला पाव होताना दिसला पाहिजे, मामा. समोर मळतात, समोर भाजतात. विश्वास वाढतो."

मामाने दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी गवंडी बोलावला.

त्या भिंतीच्या मागे बावीस वर्षं मास्तर पीठ मळत होते. मास्तरांच्या अंगावर काय आहे हे भाच्याला माहीत नव्हतं असं नाही. रोज बघत होता. पण काच मागवताना ते त्याच्या डोक्यात आलं नाही. काचेची जाडी मात्र त्याने तीनदा विचारून घेतली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बेकरीत पीठ ज्याच्या हातात, तो मास्तर. वय पन्नाशीच्या आसपास, उंची बेताची, खांदे मात्र दारातून तिरके न्यावेत असे. पंचविशीत त्यांच्या कोपरावर पहिला चट्टा उठला. लाल, आणि त्यावर पांढरी खपली, अभ्रकाच्या पापुद्र्यासारखी. मग गुडघे, मग पाठ, पोट, मग हात मनगटापर्यंत. खाजवलं की कोंडा, फार खाजवलं की रक्त. उन्हाळ्यात जरा कमी, थंडीत दुप्पट. जायचं नाव नाही. कुणी म्हणालं रक्त खराब आहे, कुणी म्हणालं पोट. एकाने दही बंद केलं, दुसऱ्याने वांगी, तिसऱ्याने मीठ. शेवटी बायको म्हणाली, "आता श्वास बंद करायला सांगणारा डॉक्टर तेवढा राहिलाय, तोही गाठून या."

बायको घरी बुटांचे खोके चिकटवत असे. दोन खोल्या, एकीत माणसं, दुसरीत खोके. रोज सकाळी ती मास्तरांचं अंथरूण झटकायची, फरशीवर पडलेला कोंडा झाडूने सुपलीत घ्यायची, आणि सुपलीत बघून सांगायची, "आज फार दळलंत." किंवा, "आज गिरणी बंद दिसते." सुपलीवरून तिला नवऱ्याचा दिवस कसा जाणार ते कळायचं. दोघांनी त्यावर कधी तोंड वाकडं केलं नाही. दुसरं काय करणार, असं म्हणायचेही कंटाळले होते.

बेकरीच्या आधी मास्तर एका हॉटेलात वाढपी होते. बशी ठेवायला हात पुढे केला, की गिऱ्हाईक बशी सोडून हाताकडे बघे. चार महिन्यांत हॉटेल सुटलं. मग एका दुकानात कापड फाडायला लागले, तिथून दोन महिन्यांत. बेकरीत आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की इथे सगळेच पांढरे. भट्टीवाल्याच्या भुवया पांढऱ्या, पोती उचलणाऱ्याची मान पांढरी. पिठाने सगळ्यांना एका रंगात आणून सोडलं होतं. त्या दिवशी ते घरी जाऊन बायकोला म्हणाले, "जागा सापडली."

म्हणून त्यांनी ती जिवापाड सांभाळली. मळायच्या आधी ते कोपरापर्यंत खाण्याचं तेल चोळत, खपली पिठात पडू नये म्हणून. आणि पिठात मीठ अगदी शेवटी घालत. बेकरीतले लोक बाहेर सांगत, आमच्या मास्तरांचं खरं गुपित ते. मीठ शेवटी, म्हणून पाव असा फुलतो. पाव फुलायचा हे खरं. पण मास्तर मीठ शेवटी घालायचे ते बोटांच्या भेगांत कमी वेळ झोंबावं म्हणून. पीठ मळायची ही लाकडी काथवट सुटली तर या अंगाला दुसरीकडे कुठे जागा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काच बसली त्या दिवशी मास्तर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आले. भाच्याला वाटलं, काचेचा मान राखला. थोड्या वेळाने बाह्या कोपरापर्यंत पिठाने लडबडल्या, तसा मामा आत येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, बाह्या सारा वर. लोकांना हात दिसू द्या."

"दिसायलाच पाहिजेत का?"

"हाताचाच तर पाव आहे आपला."

मास्तरांनी बाह्या सारल्या. पहिला अर्धा तास पिठाने निभावून नेलं. मग भट्टी तापली, घाम सुटला, दंडावरून ओघळ निघाले आणि एकेक चट्टा धुऊन वर आला. एक बाई पाव हातात घेऊन काचेजवळ गेली, तिथे जरा थांबली, आणि परत येऊन पाव जिथून उचलला होता तिथेच ठेवला. अगदी नीट, बाजूच्या पावाला टेकवून.

"काय झालं, ताई?" भाच्याने विचारलं.

"काही नाही. घरी आहे पाव. आत्ता आठवलं."

दुपारपर्यंत सहा जणांना घरी पाव असल्याचं आठवलं. संध्याकाळी दोन कॉलेजवाले काचेला नाक लावून उभे राहिले. काचेच्या खाली तबकं सरकवायला फट ठेवली होती. ती सुद्धा भाच्याचीच हुशारी. तिच्यातून आवाज आत गेला.

"बघ, बिबट्या काय मस्त मळतोय."

भट्टीवाला फावडं टेकवून म्हणाला, "लक्ष देऊ नका, मास्तर."

"नाही देत," मास्तर म्हणाले. "बिबट्या म्हणाले. मांजर म्हणाले असते तर राग आला असता."

पण त्या दिवशी त्यांनी शेवटचं पीठ काचेकडे पाठ करून मळलं. पाठीवर चट्टे जास्त होते, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. घामाने सदरा चिकटला होता.

चौथ्या दिवशी मामाने त्यांना गोदामात बोलावलं. दोघं पोत्यांवर बसले.

"मास्तर, हे दुसऱ्याला लागत नाही, मला माहीत आहे."

"मग?"

"मला माहीत असून काय उपयोग. पाव मी एकटा खातो का?"

"काचेला पडदा लावा."

"काच लावून चार दिवस झाले. आता पडदा लावला तर लोक म्हणतील, आत बिब... आत काहीतरी लपवतात. पंधरा दिवस घ्या. इथे गोदामात वजनं करा, पगार तोच. तोवर भट्टीवाला मळेल. काहीतरी इलाज करा."

"पंचवीस वर्षं झाली इलाज करतोय. पंधरा दिवसांत नाही गेलं तर?"

मामाने एका पोत्याची सैल सुतळी ओढून घट्ट केली. "बघू."

मामाचं "बघू" मास्तरांच्या ओळखीचं होतं. पगारवाढीला बघू, कौलं गळतात त्याला बघू. त्यांनी जास्त विचारलं नाही. उठताना त्यांच्या बुडाखालच्या पोत्यावर बारीक पांढरं पडलेलं दिसलं. पीठ असावं. मामाने ते हाताने झटकलं, आणि मग हात पायजम्याला पुसला. बावीस वर्षांत मामाने हात पुसलेला मास्तरांनी पहिल्यांदा पाहिला.

नाक्यावरचा मेडिकलवाला मास्तरांना वर्षानुवर्षं मलमाच्या ट्यूबा देत आला होता. माणूस वाईट नव्हता. लोकांचं दुखणं ऐकून घ्यायची त्याला खरोखर हौस होती.

"ट्यूब म्हणजे वरवरची रंगरंगोटी, मास्तर," तो म्हणाला. "आतून गोळी गेली पाहिजे. ही बघा. तांदळाएवढी."

"डॉक्टरची चिठ्ठी लागत असेल."

"चिठ्ठी आणायला जाल तर डॉक्टर सहा महिने तपासण्या करवेल. तुमच्याकडे दिवस किती?"

"पंधरा."

"मग?"

तिसऱ्या दिवशी खाज थांबली. सहाव्या दिवशी खपल्या गेल्या. दहाव्या दिवशी सकाळी बायकोने अंथरूण झटकलं, झाडू फिरवला आणि सुपली घेऊन मास्तरांसमोर उभी राहिली. सुपलीत एक केस होता, तोही तिचाच. तिने मास्तरांचा हात ओढून घेतला आणि कोपरावर अंगठा फिरवला. "हे कुणाचं कोपर उचलून आणलंत? लहान मुलाचं आहे हे."

त्या दिवशी मास्तर अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून बाजारात गेले. भाजी घेऊन आले. परत गेले, सुया घेऊन आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा बायकोने विचारलं, "आता काय संपलंय?" ते नुसते जाऊन आले.

सोळाव्या दिवशी ते काचेमागे उभे राहिले. भट्टीवाल्याच्या हातचा पाव पंधरा दिवस खाऊन गिऱ्हाइकांचे दात दुखायला लागले होते, त्यामुळे त्यांचं स्वागत जोरात झालं. भाचा तर गल्ल्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला काच दाखवायला लागला. जणू मास्तरांची कातडी त्यानेच कोर्समध्ये शिकून दुरुस्त केली होती.

गोळी बंद करायची कधी, हे मेडिकलवाल्याने सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. बरं वाटतंय त्याला हात कशाला लावा, असं दोघांचंही मत. तीन महिने गेले. मास्तरांचा चेहरा भरला. मग जास्तच भरला; गाल कानांपर्यंत गेले, डोळे बारीक झाले. "शेठ दिसायला लागलात की," गिऱ्हाइकं म्हणत. भूक अशी, की चहाबरोबर सहा बन संपवूनही हात तबकाकडे जाई. झोप उडाली. ज्या भट्टीवाल्याला उभ्या जन्मात अरे म्हटलं नव्हतं, त्याच्यावर एक तबक करपलं म्हणून त्यांनी कालथा फेकला. आणि कातडी कागदासारखी पातळ झाली. काथवटीच्या काठाला हात नुसता टेकला तरी निळा डाग उठे, तो आठ-आठ दिवस जात नसे. मास्तर पुन्हा हातांना पीठ फासू लागले. या वेळी लाल चट्ट्यांसाठी नाही, निळ्या डागांसाठी.

"गोळी सोडा," बायको म्हणाली.

"सोडली की काथवट गेली."

"नाही सोडली तर तुम्ही जाल. तुमचं तोंड लावून कुणीतरी दुसराच माझ्यासमोर जेवायला बसतो, आणि माझ्यावरच खेकसतो."

"थोडे दिवस."

"किती?"

मास्तर मामासारखं "बघू" म्हणाले. तिने ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर तिने घरातल्या सगळ्या गोळ्या काढल्या, पाकिटं फोडून एकेक गोळी मोरीत टाकली, वर दोन बादल्या पाणी ओतलं. मग मेडिकलवाल्याच्या दुकानासमोर जाऊन, चार गिऱ्हाइकं उभी असताना म्हणाली, "माझ्या नवऱ्याला पुन्हा ती गोळी दिलीस तर रोज इथे येऊन बसेन. खोके घेऊन." मेडिकलवाल्याने कानाला हात लावले. बाकीची दुकानं चिठ्ठी मागत होती.

विष होतं ते, तिने बाहेर काढलं. पण असलं विष एका दमात काढायचं नसतं, हे तिला कोण सांगणार. सांगणारा एक मेडिकलवाला, तो घाबरला होता.

पाचव्या दिवशी मास्तरांना भट्टीसमोर थंडी वाजली. दात वाजायला लागले तसं त्यांनी मळलेल्या पिठावर ओलं फडकं झाकलं, हात धुतले, भट्टीवाल्याला "बघ रे जरा" म्हणाले आणि आपल्या पायांनी घरी गेले. सकाळपर्यंत चट्टा कुठला आणि कातडी कुठली ते कळेना. डोक्यापासून तळपायापर्यंत माणूस लाल. अंगातून पाणी पाझरत होतं आणि कातडी सालपटासारखी सुटत होती. बायकोने चादर झटकायला उचलली, ती त्यांच्या पाठीबरोबर आली.

सरकारी दवाखान्यात चामडीच्या विभागातली डॉक्टरीण वयाने लहान होती आणि चिडली होती.

"ही गोळी तुम्हाला दिली कुणी?"

"आठवत नाही."

"आणि एकदम बंद कुणी केली? मरायचीच वेळ आणली होती. कुणी सांगितलं बंद करायला?"

खाटेच्या पायथ्याशी बायको उभी होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मीच केली," मास्तर म्हणाले. "कंटाळा आला होता."

"कंटाळा," डॉक्टरीण म्हणाली आणि कागदावर लिहीत राहिली.

मास्तर सव्वीस दिवस तिथे होते. अंगाला सतत व्हॅसलीन फासायचं, वाळू द्यायचं नाही, एवढी एक गोष्ट घरच्यांच्या हातात. वॉर्डातला व्हॅसलीनचा डबा एका रविवारी संपला आणि दुकानं बंद. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बस कंडक्टरने आपली बरणी सरकवली. त्याचा पाय गरम पाण्याने भाजला होता. "घ्या, मास्तर. माझा एकच पाय आहे, तुमचा तर अख्खा डेपो आहे." मास्तर किती दिवसांनी हसले, आणि हसल्यावर ओठ फाटला. बरणी दोन दिवसांत रिकामी झाली. भाचा भेटायला आला तेव्हा मास्तरांनी त्याला खुणेने जवळ बोलावलं. "भाचेबुवा, यांना नवी बरणी आणून द्या. भरलेली."

"उद्याच आणतो."

उद्या मामाने त्याला मैद्याच्या व्यापाऱ्याकडे पाठवलं. परवा कशाला तरी पाठवलं. तो पुन्हा गेला तेव्हा कंडक्टरच्या खाटेवर दुसराच माणूस होता.

मास्तर घरी आले तेव्हा मूळ रूप परत आलं होतं; तेच चट्टे, त्याच खपल्या, वर बोटांचे सांधे सुजलेले आणि नखं अर्धी गेलेली. डॉक्टरणीने दुसरं औषध दिलं होतं, हळूहळू लागू पडणारं, जन्मभर घ्यायचं. इकडे बेकरीत भट्टीवाल्याच्या पावाने गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं. निम्मं गिऱ्हाईक गेल्यावर मामाला पडद्याची आठवण झाली. हिरव्या कापडाचा पडदा आला, काच झाकली, आणि मामा स्वतः मास्तरांच्या घरी गेला. खोक्यांच्या खोलीत उभा राहून म्हणाला, "या. तुमची जागा तुमची आहे."

मास्तर दुसऱ्या दिवशी गेले. बावीस वर्षं जायचे त्या वेळेला. तेल चोळलं, मैदा ओतला, खमीर घातलं, पाणी घातलं. भट्टीवाला, पोती उचलणारा, भाचा, सगळे आपापलं काम सोडून काम करत असल्यासारखे जवळपास रेंगाळत होते. मास्तरांनी दोन्ही हात पिठात घातले आणि मूठ वळायला घेतली.

मूठ वळली नाही. बोटं अर्ध्यावर थांबली. त्यांनी तळव्याने दाबून पाहिलं, मग मनगटाने, मग अंगाचा सगळा भार टाकून. पीठ नुसतं सरकत होतं. वीस किलोचा गोळा एकदाही उलटला नाही. थोड्या वेळाने त्यांनी हात वर काढले. तळव्याच्या भेगा उघडल्या होत्या आणि पिठावर दोन ठिकाणी गुलाबी ओल उमटली होती.

"तेवढं काढून टाकू," मामा म्हणाला. "बाकीचं चालेल."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. "काय चालेल?"

मामा काथवटीपासून मागे सरकला.

"हे सगळं टाका," मास्तर म्हणाले. "आणि काथवट उकळत्या पाण्याने धुवा. दोनदा."

भट्टीवाल्याने आणि पोती उचलणाऱ्याने मिळून तो गोळा मागच्या दाराने नेला. मास्तरांनी नळाखाली हात धरले. मीठ अजून घातलं नव्हतं, त्यामुळे झोंबलं नसावं. तरी ते बराच वेळ हात धरून उभे राहिले. मग पुसले, सदरा घातला, बाह्या मनगटापर्यंत उतरवून गुंड्या लावायला गेले. गुंडी लागेना. भाच्याने पुढे होऊन लावली. एक लावली, दुसरी लावली.

"मास्तर, पुढच्या आठवड्यात परत या. बोटं मोकळी होतील."

"नाही होणार. मशीन बघायला सांगा मामाला." मग ते म्हणाले, "घरी हिला खोक्यांना हात लागतील. डिंक लावायला मूठ लागत नाही."

महिन्याभरात मशीन आलं. पडदा निघाला. लोक काचेतून मशीन बघतात. त्याला ना घाम, ना कातडी. मास्तर घरी डिंक लावतात. डिंकाने बोटं आणखी फाटतात, म्हणून दर चार खोक्यांनंतर बायको त्यांच्या हातांना व्हॅसलीन चोळते, मग डिंक धरत नाही म्हणून ते पुसते.

भाचा कधीमधी पाव घेऊन जातो. मास्तर पाव हातात तोलून बघतात, दाबून बघतात, बरा-वाईट काही म्हणत नाहीत. निघताना मात्र विचारतात.

"कंडक्टरची बरणी दिली का, भाचेबुवा?"

"पत्ता काढतोय, मास्तर."

"भरलेली द्या."

"हो."

पत्ता काढायला भाचा एकदा डेपोत गेला होता. तिथे त्याला विचारलं, नाव काय, दिसायला कसा. त्याला सांगता येईना. वॉर्डात त्याने त्या माणसाचा फक्त भाजलेला पाय पाहिला होता, आणि डेपोत सगळेच पँट घालून होते. बरणी त्याने अजून विकत घेतलेली नाही.